पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा कर्णधार

१९४० च्या हिवाळ्यात महाराष्ट्राचा क्रिकेट संघ रणजी करंडक आपल्याकडे राखण्यासाठी सज्ज झाला, तेव्हा संघाच्या कर्णधाराला एकोणपन्नासावे वर्ष चालू होते. आदल्या मोसमात याच संघाने पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवले होते. पण बाद पद्धतीच्या स्पर्धेत एखादे वर्ष कोणालाही साधते. दुसऱ्या वर्षी तेच करून दाखवणे ही खरी परीक्षा असते. त्यातच पश्चिम विभागात मुंबईसारखा बलाढ्य प्रतिस्पर्धी आणि ज्याच्या अनुभवावर संघ उभा, तो कर्णधार पन्नाशीकडे झुकलेला. मोसमापूर्वी एखाद्या जाणकाराने कागदावर हिशेब मांडला असता, तर महाराष्ट्राच्या नावापुढे त्याला प्रश्नचिन्हच टाकावे लागले असते. मोसम संपला, तेव्हा करंडक पुन्हा महाराष्ट्राकडेच होता. हा कर्णधार म्हणजे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दिनकर बळवंत देवधर.

या विजयाला आता आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात देश स्वतंत्र झाला, मराठी भाषकांचे राज्य स्थापन झाले आणि रणजी स्पर्धेचे स्वरूप अनेकदा बदलले. महाराष्ट्र संघाच्या नावावरील अजिंक्यपदांची संख्या मात्र दोनच राहिली. १९३९-४० आणि १९४०-४१ ही ती दोन वर्षे. दोन्ही वेळी कर्णधार एकच.

क्रिकेटमधील महाराष्ट्र आणि नकाशावरील महाराष्ट्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घ्यावे लागते. राज्यात रणजी खेळणारे संघ तीन. मुंबईच्या नावावर २०२३-२४ अखेर ४२ अजिंक्यपदे जमा झाली. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वर्षांत ती कामगिरी केली. उरलेला प्रदेश, म्हणजे पुण्यापासून खानदेश, मराठवाडा, कोल्हापूर आणि नाशिकपर्यंतचा भाग, महाराष्ट्र संघाच्या छत्राखाली येतो. बागलाण तालुक्यातील सटाण्याच्या मुलाला मोठे क्रिकेट खेळायचे असेल, तर त्याची वाट कसारा घाट उतरून मुंबईला जात नाही. सुमारे नव्वद किलोमीटरवरील नाशिक आणि तेथून पुणे असा त्याचा मार्ग असतो. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होऊ लागल्यापासून आणि नाशिकचा डावखुरा फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव या संघातून खेळल्यापासून ही वाट काहीशी जवळची वाटू लागली. तथापि, या वाटेच्या टोकाशी असलेल्या संघाची पायाभरणी कोणी केली, हे सटाण्यातच नव्हे, पुण्यातही आता फारसे कोणाच्या ध्यानात नसते. देवधर हे नाव पुढे एका करंडकाला दिले गेले आणि करंडकाच्या नावामागे माणूस झाकला गेला.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. त्या काळी पुण्यात क्रिकेट रुजले होते, पण ते लष्कर भागातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या जिमखान्याभोवती. याच जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखता राखता आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता पालवणकर बाळू यांच्यासारखा अस्सल गोलंदाज घडला होता. जातीच्या भिंती इतक्या उंच असताना बाळू आणि त्यांचे बंधू हिंदू संघात गेले, ही त्या पिढीतील मोठी घटना होती. देवधर प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये आले ते १९११ मध्ये, याच हिंदू संघाकडून. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. त्याच वर्षी पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला संमिश्र संघ इंग्लंडला गेला होता आणि बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले होते.

पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, मुंबईची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशी धर्मावर आधारलेली ही स्पर्धा आज विचित्र वाटेल. त्या काळीही तिच्यावर टीका होत होती. पण भारतीय खेळाडूला तोडीचे क्रिकेट खेळण्याची हीच काय ती संधी होती. वर्षाला दोन-तीन सामने, तेही मोसमाच्या चार-सहा आठवड्यांत. उरलेले वर्ष नोकरीचे. देवधरांनी अध्यापनाचा पेशा पत्करला. १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज म्हणून स्थापन झालेल्या आणि पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेत ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. सकाळी वर्गात संस्कृत काव्य आणि सायंकाळी मैदानावर सराव, असा हा दुहेरी व्यासंग होता. पुणेकरांना त्याचे कौतुक होते; क्रिकेटच्या राजधानीत, म्हणजे मुंबईत, प्रोफेसर हे त्यांचे दुसरे नावच होऊन बसले.

देशभर त्यांचे नाव झाले ते १९२६ च्या डिसेंबरात. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारताच्या दौऱ्यावर आला होता. मॉरिस टेट, जॉर्ज गिअरी, अँडी सँडहॅम, बॉब वायट अशी नावे त्यात होती. भारताला कसोटीचा दर्जा नव्हता आणि पाहुण्यांना फार कडवा प्रतिकार होईल, असे कोणालाही वाटत नव्हते. महिन्याच्या आरंभी मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी षटकारांची बरसात करीत १५३ धावा काढल्या. ती खेळी दंतकथा बनली. त्याच मैदानावर काही दिवसांनी अखिल भारतीय संघाचा सामना झाला. त्यात देवधरांनी १४८ धावा केल्या आणि भारतीय संघाने एमसीसीवर पहिल्या डावात आघाडी घेतली. नायडूंच्या खेळीत जो जल्लोष होता, तो या खेळीत नसेलही. पण इंग्लंडच्या निवडक गोलंदाजांपुढे संपूर्ण देशाचा संघ आघाडी घेऊ शकतो, हे या शतकाने दाखवून दिले. या दौऱ्यात दिसलेल्या खेळामुळे भारताच्या कसोटी दर्जाची चर्चा सुरू झाली. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला.

त्या अकरा जणांत देवधर नव्हते. पुढे कधीही नव्हते.

ज्याच्या बॅटने कसोटीचे दार उघडायला हातभार लावला, त्याला त्या दारातून आत जाता आले नाही. याची कारणमीमांसा करताना वयाकडे बोट दाखवले जाते. १९३२ मध्ये ते चाळिशीचे होते, ही गोष्ट खरी. मात्र १९२६ ते १९३२ या सहा वर्षांत नेमके काय घडले, तेही पाहिले पाहिजे. १९३०-३१ मध्ये एमसीसीचा संघ भारतात यायचा होता. सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे तो दौरा रद्द झाला. त्याच कारणाने १९३० ते १९३३ या काळात चौरंगी स्पर्धाही झाली नाही. देशाचे तरुण तुरुंगात जात असताना मुंबईत क्रिकेटचा उत्सव भरवणे अनेकांना प्रशस्त वाटत नव्हते आणि ते योग्यच होते. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी विजय मर्चंट आणि एल. पी. जय यांनी याच भावनेतून नकार दिला होता. मर्चंट तेव्हा विशीतले होते, त्यांना पुढची संधी मिळाली. देवधरांच्या हातून निसटलेली वर्षे ही त्यांच्या उमेदीची अखेरची वर्षे होती. अडतीस ते चाळीस या वयात ते कोणत्या तोडीचा खेळ करीत होते, हे पाहायला मोठे सामनेच झाले नाहीत.

वयाचा निकष तरी सर्वांना सारखा लावला गेला काय? डिसेंबर १९३३ मध्ये डग्लस जार्डिन यांच्या इंग्लंड संघाविरुद्ध मुंबई जिमखान्यावर भारतातील पहिला कसोटी सामना झाला. लाला अमरनाथ यांच्या शतकामुळे तो सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच सामन्यात रुस्तमजी जमशेदजी या फिरकी गोलंदाजाने वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पदार्पण केले. भारताकडून इतक्या वयात पदार्पण करणारा दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही. जमशेदजींचा जन्म १८९२ च्या नोव्हेंबरातला, म्हणजे ते देवधरांपेक्षा अवघ्या दहा महिन्यांनी लहान. १९३६ मध्ये मँचेस्टरला कोटा रामस्वामी यांनी पहिली कसोटी खेळली, तेव्हा त्यांनीही चाळिशी पूर्ण केली होती. इंग्लंडमध्ये तर जॅक हॉब्ज यांनी १९२९ साली मेलबर्नला कसोटी शतक झळकावले ते सेहेचाळिसाव्या वर्षी आणि विल्फ्रेड ऱ्होड्स १९३० मध्ये बावन्नाव्या वर्षी कसोटी खेळले. तेव्हा केवळ वय हे कारण पुरेसे वाटत नाही. संस्थानिकांचे वजन, मुंबई-पतियाळा-विजयनगरम अशी ओढाताण आणि निवड समितीची मर्जी यांनी त्या काळातील भारतीय संघ ठरत असे. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले, यावरून त्या निवडीची कल्पना यावी. पुण्याच्या एका प्राध्यापकाला त्या दरबारात वाली नव्हता.

देवधरांनी खेळ सोडला नाही. एव्हाना त्यांना नवे काम मिळाले होते.

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. धर्माऐवजी प्रांत आणि संस्थाने यांच्या नावाने संघ उतरू लागले. त्यात एक संघ महाराष्ट्र या नावाचा होता. राज्य म्हणून महाराष्ट्र अस्तित्वात यायला अजून सव्वीस वर्षे अवकाश होता. धावफलकावर मात्र ते नाव झळकू लागले होते. होळकर किंवा नवानगर यांच्याप्रमाणे एकाच संस्थानाच्या तिजोरीवर उभा राहिलेला हा संघ नव्हता. पहिली दोन्ही वर्षे मुंबईने करंडक नेला. नंतर नवानगर, हैदराबाद आणि बंगाल असे विजेते होत गेले. या पाच वर्षांत देवधरांनी काय केले, ते निकालांच्या तक्त्यात सापडत नाही. ते संघ बांधत होते. सांगलीचा एक अबोल तरुण, विजय हजारे, पहिल्या मोसमापासून त्यांच्या हाताखाली खेळत होता. पुढे रंगा सोहोनी आला. नवा चेंडू टाकणारा आणि डावाची सुरुवातही करू शकणारा. ही मुले देवधरांच्या मुलांच्या वयाची होती. कर्णधार शिस्तीचा कडक होता, खेळातील बारकाव्यांची त्याला उत्तम जाण होती आणि वर्गात शिकवण्याची सवय मैदानावरही सुटत नव्हती.

१९३९-४० च्या मोसमात या शिकवणीचे फळ मिळाले. पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावांची खेळी केली. भारतीय फलंदाजाने भारतात काढलेले हे पहिले त्रिशतक. या डावात नवव्या गड्यासाठी हजारे आणि नगरवाला यांनी २४५ धावांची भागी केली आणि नगरवाला ९८ धावांवर बाद झाले. आठ गडी गेल्यावर अडीचशेच्या आसपास धावांची भर पडते, तेव्हा त्यात फलंदाजांच्या कौशल्याइतकाच संघाच्या वृत्तीचाही वाटा असतो. अंतिम सामन्यात, पुण्यातच, महाराष्ट्राने संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला. देवधर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

मुद्दा दुसऱ्या मोसमाचा होता आणि तो समजण्यासाठी त्या काळच्या स्पर्धेची रीत पाहावी लागते. आज संघाला सात साखळी सामने मिळतात. एक हरला तरी सावरता येते. तेव्हा सारी स्पर्धा बाद पद्धतीची होती. एक पराभव आणि वर्ष संपले. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागे. पुण्याच्या खेळपट्ट्या फलंदाजीला अनुकूल होत्या. अशा स्थितीत देवधरांचे गणित सरळ होते. आपल्याकडे गोलंदाजी बेताची असेल, तर फलंदाजी इतकी लांबवावी की प्रतिस्पर्ध्याला आघाडीचा डोंगर चढताच येऊ नये. दोन दिवस खेळपट्टीवर नांगर टाकून बसणारे फलंदाज तयार करणे, हाच त्यांच्या संघबांधणीचा गाभा होता. असे क्रिकेट पाहायला आकर्षक असेलच असे नाही आणि सहाशे-सातशेच्या या डावांमुळे भारतीय खेळाडूंना निर्जीव खेळपट्ट्यांची सवय लागली, या आक्षेपात तथ्यही आहे. परंतु नियम ज्याला अनुकूल, तो डाव खेळणे हे कर्णधाराचे कर्तव्यच होते.

१९४०-४१ च्या मोसमात गाठ पडली ती थेट मुंबईशी, पुण्यात. महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या. त्यांतील २४६ एकट्या देवधरांच्या, म्हणजे एकूण धावसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक. चार दशकांच्या आसपास पसरलेल्या त्यांच्या कारकिर्दीतील ही सर्वोच्च खेळी. ज्या वयात त्यांचे समकालीन पंचगिरी करीत होते किंवा प्रेक्षकांत बसत होते, त्या वयात त्यांनी हा डाव उभा केला.

तरीही काम अर्धेच झाले होते. मुंबईनेही तशाच चिवटपणे उत्तर दिले. खंडू रांगणेकर यांनी २०२ धावा फटकावल्या आणि मुंबईची धावसंख्या सहाशेच्या पलीकडे गेली. द्विशतकासाठी तासन् तास उभे राहिलेल्या माणसाला आता तितकाच वेळ क्षेत्ररक्षणात काढायचा होता, गोलंदाज फिरवायचे होते, थकलेल्या पोरांना उभे ठेवायचे होते. आघाडी एकेका धावेने आटत होती. अखेर मुंबईचा डाव ६५० धावांवर संपला. दोन डावांत मिळून १३२५ धावा आणि निकालाचे अंतर अवघे पंचवीस धावांचे. देवधर पन्नास धावा आधी बाद झाले असते, तर महाराष्ट्राच्या नावावर आज एकच अजिंक्यपद दिसले असते.

मुंबईचा अडथळा ओलांडल्यावर संघ मोकळा झाला. सोहोनी यांनी वेस्टर्न इंडिया संघाविरुद्ध नाबाद २१८ धावा केल्या. उत्तर भारत संघाविरुद्ध महाराष्ट्राने ७९८ धावांचा डोंगर रचला. अंतिम सामना मद्रासला, मद्रास संघाच्याच घरी होता. पुण्याच्या पाटा खेळपट्टीचा आधार तेथे नव्हता. महाराष्ट्राने तो सहा गडी राखून जिंकला. घरच्या मैदानावर धावांच्या राशी घालणारा संघ, हा शिक्का त्याने पुसला गेला.

असा संघ टिकला असता, तर तिसरे आणि चौथे अजिंक्यपदही अशक्य नव्हते. ते झाले नाही आणि त्याला कर्णधाराचे वय कारणीभूत ठरले नाही. हजारे बडोद्याकडे गेले. गायकवाडांच्या आश्रयाने तेथे उत्तम खेळाडू एकत्र येत होते आणि नोकरीची शाश्वती होती. एका व्यावसायिक खेळाडूने हा निर्णय घेतला, यात गैर काही नाही. बडोद्याने १९४२-४३ आणि १९४६-४७ मध्ये करंडक जिंकला. महाराष्ट्राची फलंदाजी मात्र पोरकी झाली. १९४३-४४ मध्ये मुंबईच्या विजय मर्चंट यांनी ब्रेबॉर्न स्टेडियमवर नाबाद ३५९ धावा काढून हजारे यांचा ३१६ चा आकडा मागे टाकला, तो महाराष्ट्राच्याच गोलंदाजीवर.

याच उतरत्या काळात, १९४४-४५ च्या मोसमात, पन्नाशी ओलांडलेल्या देवधरांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली. १०५ आणि १४१. एका सामन्यात दोन शतके हा पराक्रम भल्याभल्या तरुणांना साधत नाही. त्या वयात असा दुसरा माणूस देशात असेल, तर तो इंदूरला होता. सी. के. नायडू यांनी पन्नाशी गाठल्यावर, १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात, होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या आणि पुढे १९५६-५७ मध्ये एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशकडून राजस्थानविरुद्ध ८४ धावा काढल्या. नागपूरचे नायडू आणि पुण्याचे देवधर हे दोघे १९२६ च्या त्या डिसेंबरात एकाच मैदानावर चमकले होते. एकाला भारताचे पहिले कसोटी कर्णधारपद लाभले, दुसऱ्याला एकही कसोटी मिळाली नाही. म्हातारपणाला बॅट दाखवण्याच्या बाबतीत मात्र दोघे एकाच माळेचे मणी.

इतकी वर्षे शरीर टिकले कसे, याचे एक साधे उत्तर आकड्यांत दडलेले आहे. १९११ पासून १९४८ पर्यंत देवधर प्रथम श्रेणीचे ८१ सामने खेळले. सदतीस वर्षांत एक्क्याऐंशी, म्हणजे वर्षाला सरासरी दोनांहून थोडे अधिक. त्यांत ३९ च्या सरासरीने ४५२२ धावा आणि नऊ शतके. पहिल्या महायुद्धापूर्वी सुरू झालेली त्यांची कारकीर्द दुसऱ्या महायुद्धानंतर संपली. सामने थोडे असल्याने शरीर झिजले नाही, हे खरे. पण वर्षातून दोन संधी मिळत असताना डोळा आणि मनगट तयार ठेवणे अधिक अवघड असते. त्यासाठी बाराही महिने स्वतःला जखडून घ्यावे लागते. आजचा खेळाडू दोन मोसमांत जितके सामने खेळतो, तितक्यांसाठी देवधरांना आठ-नऊ वर्षे वाट पाहावी लागत होती. १९२६ मध्ये चाळिशीजवळ आलेला खेळाडू म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांना हे कळले नसावे की, सामन्यांच्या हिशेबाने तो अजून तरुणच होता. त्या वर्षी ते चौतीस वर्षांचे होते आणि त्यांचे सर्वोत्तम क्रिकेट चौदा वर्षे पुढे होते.

निवृत्तीनंतरही ते खेळापासून दूर गेले नाहीत. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, राष्ट्रीय निवड समितीवर काम केले आणि क्रिकेटवर लिहिले. स्वतः निवडकर्त्यांच्या दारात ताटकळलेला माणूस निवडकर्त्याच्या खुर्चीत बसला, हा योगही त्यांच्या आयुष्यात आला. घरातही खेळाचेच वातावरण होते. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तीन कन्यांनी १९४० च्या दशकात देशाच्या महिला बॅडमिंटनवर वर्चस्व गाजवले. मुलींनी मैदानात उतरावे की नाही, यावर अनेक घरांत वाद होत असतानाचा हा काळ. देवधरांच्या चरित्रात याचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकला जातो. रणजीच्या दोन करंडकांइतकीच ही बाबही मोठी मानायला हवी.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांना मात्र कसोटीचे दार बंद राहिले नाही. सोहोनी चार कसोटी खेळले. हजारे यांनी १९४८ च्या जानेवारीत अॅडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतके केली आणि १९५२ मध्ये मद्रासला त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. त्याच १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या आणि महाराष्ट्राने ४ बाद ८२६ पर्यंत मजल मारली. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम नऊच धावांच्या अंतरावर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. दीर्घ डाव खेळण्याची देवधरांनी लावलेली सवय संघाच्या अंगी मुरली होती, असे म्हणायला हरकत नाही. अजिंक्यपद मात्र त्याही वर्षी आले नाही.

सरकारने देवधरांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण किताबाने गौरवले. १९७३-७४ मध्ये विभागीय संघांची मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली, तिला त्यांचे नाव देण्यात आले. दोन-दोन दिवस फलंदाजी करण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या नावे झटपट क्रिकेटचा करंडक, ही विसंगती मंडळाच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे. १९९६ मध्ये टपाल खात्याने नायडू, मर्चंट आणि विनू मंकड यांच्याबरोबर त्यांचेही तिकीट काढले. चौघांत एकही कसोटी न खेळलेले ते एकटेच.

संघाची कथा पुढे तशीच चालू राहिली. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला आणि मुंबईकडून हरला. २०१३-१४ मध्ये केदार जाधवने मोसमात १२२३ धावांची रास घातली, पण अंतिम सामन्यात कर्नाटक वरचढ ठरला. दहा वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, हाच केदार अडतिसाव्या वर्षी महाराष्ट्राकडून खेळत होता, तेव्हा त्याच्या वयाची चर्चा होत असे. देवधरांच्या हिशेबाने त्याच्यापुढे अजून दहा वर्षे होती. जून २०२४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

या दोहोंच्या मधला एक मोसम राहिला. १४ जानेवारी १९९२ रोजी देवधरांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. त्यानंतरच्या मोसमात, १९९२-९३ मध्ये, महाराष्ट्राने बावीस वर्षांनी पुन्हा रणजीची अंतिम फेरी गाठली. सामना लुधियानाला झाला. महाराष्ट्र हरला आणि पंजाबने प्रथमच करंडक जिंकला. करंडक पुण्यात आणलेला एकमेव कर्णधार तेव्हा एकशे एक वर्षांचा होता. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.